सिंकमधली गाय

अप्पांनी सुनेचे तीन वर्षांचे काम दुपारी साडेतीनच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतून टाकले, आणि तेही अगदी नियमाप्रमाणे. यात दोष नियमाचा किती आणि अप्पांचा किती, यावर त्या घरात अजूनही एकमत नाही.

नियम म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. चाळीस वर्षे ते लिफ्ट तपासनीस होते. लिफ्ट कितीही गुळगुळीत चालो, तिच्या दोरांवर तारखेची पट्टी नसेल तर अप्पा तिला कुलूप लावून खाली यायचे, जिन्याने. निवृत्त झाल्यावर घरात तपासायला लिफ्ट उरली नाही, तेव्हा त्यांनी औषधाच्या बाटल्या, मसाल्यांच्या बरण्या आणि टूथपेस्ट यांच्यावर समाधान मानले. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या कपाळावर तारीख नाही म्हणून मी वाचले."

सून प्रयोगशाळेत होती. शेळीच्या दुधाचे म्हणून विकले जाणारे चीज खरोखर शेळीचेच आहे, की त्यात एखाद्या गाईने हळूच पाय ठेवला आहे, हे सांगणारी चाचणी तिने तयार केली होती. या चाचणीत चुंबकी मणी वापरत. मणी म्हणजे गळ्यात घालायचे नव्हेत. मैद्याहून बारीक, गंजाच्या रंगाची पूड. प्रत्येक मण्याला डीएनएसारखाच एक छोटा धागा चिकटवलेला, आणि तो धागा फक्त गाईच्या डीएनएला मिठी मारणार, शेळीकडे ढुंकूनही बघणार नाही. मग नळी चुंबकाला टेकवली की सगळे मणी काचेला चिकटून बसतात आणि उरलेले पाणी खुशाल ओतून देता येते. शेवटी कॉन्ज्युगेटेड पॉलिमरचे दोन थेंब घालायचे. हे लांबलचक साखळ्यांचे, दिव्याखाली चमकणारे एक प्रकारचे प्लास्टिक. मण्यांनी गाय धरलेली असेल तर ते तिच्या डीएनएला बिलगून राहते आणि जांभळ्या दिव्याखाली नळी हिरवीगार उजळते. धरलेली नसेल तर पॉलिमर पाण्याबरोबर निघून जाते. घरी सुनेने एवढेच सांगितले होते, "गाय असेल तर उजेड, नसेल तर अंधार."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एका चीज डेअरीत ही चाचणी करून दाखवायची होती. डेअरीने ती घेतली तर सुनेचे काम पुढे चालणार, नाही घेतली तर महिनाअखेर प्रयोगशाळा तिच्या टेबलावर दुसऱ्या कोणाला तरी बसवणार. डेअरीच्या मालकाने अट घातली होती, की चाचणी शास्त्रज्ञाने करायची नाही. "तुम्हाला जमणारच हो," तो फोनवर म्हणाला होता, "तुमचंच पोर आहे ते. साठी उलटलेल्या साध्या माणसाला जमतं का ते दाखवा. माझ्याकडे कामाला तीच माणसं आहेत."

सुनेने अप्पांना विचारले. सहा वर्षांत अप्पांना कोणी काही तपासायला बोलावले नव्हते. ते "बघू" म्हणाले आणि आत जाऊन शर्टाला इस्त्री करायला बसले. सुनेने कार्डावर लिहून दिलेल्या सहा पायऱ्या त्यांनी लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या. जिथे जिथे ‘थोडे’ होते तिथे तिथे त्यांनी ‘म्हणजे किती?’ असे लिहिले. सुनेने मुकाट्याने कार्ड पुन्हा लिहिले.

सकाळी कामावर जाताना ती सांगून गेली होती, "अप्पा, फ्रिजमध्ये दोन बाटल्या आहेत. निळं झाकण सरावाचं, त्यात नुसते बिनधाग्याचे मणी आहेत. लाल उद्याचं, त्याला हात लावू नका. तीन महिने लागतात ते मणी करायला, आणि आत्ता तेवढेच आहेत."

अप्पांनी दुपारी फ्रिज उघडला. निळ्या झाकणाच्या बाटलीवर ‘सराव’ लिहिले होते, तारीख नव्हती. लाल झाकणाच्या बाटलीवर ठसठशीत तारीख होती. आता एकीकडे तोंडी सूचना आणि दुसरीकडे लेखी तारीख, असा पेच पडला तर काय करायचे हे चाळीस वर्षांच्या नोकरीने अप्पांना पक्के शिकवले होते. त्यांनी लाल झाकण उघडले.

सराव एकदा करून भागत नाही, म्हणून त्यांनी तो सहा वेळा केला. नमुना म्हणून माठातले पाणी घेतले. पायरी चार, नळी मांडणीत दोन मिनिटे उभी करा. त्यांनी घड्याळ लावून उभी केली. पायरी पाच, पाणी ओतून द्या. त्यांनी ओतून दिले. बाटली रिकामी झाली तेव्हा वहीत सहा ओळी होत्या आणि सहाही ओळींत ‘अंधार, गाय नाही’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. मग कामगिरी फत्ते झाल्याच्या समाधानात ते जरा आडवे झाले.

सून पाच वाजता आली आणि वही बघून तिचा चेहरा फुलला. "सहापैकी सहा बरोबर? अप्पा, कमाल आहे तुमची. प्रयोगशाळेत मुलांना पहिल्या दिवशी दोनसुद्धा जमत नाहीत. मणी नीट चिकटले ना?"

"मणी कुठले?" अप्पा म्हणाले. "नळी लख्ख. एक डागसुद्धा नाही."

सून मांडणीकडे गेली. ही मांडणी म्हणजे प्लास्टिकची एक छोटी चौकट, आणि तिच्या पाठीमागे एक खाच. त्या खाचेत पत्त्यांच्या जोडाएवढा चुंबक असायला हवा होता. खाचेत बोट घालून तिने ते पलीकडून बाहेर काढले. मग तिने फ्रिज उघडला. निळी बाटली भरलेली होती. लाल बाटली ओट्यावर पालथी घालून, धुऊन, वाळत ठेवली होती.

"पाणी कुठे ओतलंत?" तिने फार हळू आवाजात विचारले.

"सिंकमध्ये. कार्डावर कुठे ओतायचं ते लिहिलेलं नाही. ती त्रुटी आहे, मी वहीत नोंदवलीय."

इतक्यात सासूबाई कढई घेऊन सिंकपाशी आल्या आणि त्यांनी नळाला हात घातला.   सुनेने धावत जाऊन सासूबाईंचा हात धरला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेने हात धरलेला बघून सासूबाईंचे डोळे भरून आले. "अगं, होतं असं कधी कधी," त्या म्हणाल्या. "काय झालं पण?"

काय झाले ते कळल्यावर अप्पा स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे उद्याचं सगळं मी बुडवलं," ते म्हणाले. इस्त्री केलेला शर्ट समोर खुंटीवर टांगलेला होता, तिकडे त्यांनी बघायचे टाळले.

एवढ्यात चिरंजीव ऑफिसातून आले. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "अप्पा, साधी गोष्ट आहे. चुंबक नाही हे बघायला नको?"

"मांडणीत चुंबक असतो हे तुला कसं माहीत?" सुनेने विचारले.

चिरंजीवांनी बूट काढायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग हळूहळू बाहेर आले ते असे. सकाळी त्यांच्या चष्म्याचा इवलासा स्क्रू सोफ्याखाली गेला. तो शोधायला त्यांनी मांडणीतला चुंबक काढून सोफ्याखाली सरकवला. चुंबकाने स्क्रू सोडून सोफ्याची लोखंडी चौकट धरली आणि तो काही केल्या सुटेना. ऑफिसला उशीर होत होता. "म्हटलं, संध्याकाळी काढू," ते म्हणाले.

"मग काढ," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळ झाली."

सोफा उलटा करण्यात आला. चुंबक निघता निघेना. अप्पा, चिरंजीव आणि लाटणे अशी तिघांची ताकद लागली. तो निघाला तेव्हा त्याला अकरा टाचण्या, दोन सुया, सासूबाईंचा हरवलेला नेलकटर आणि चष्म्याचा स्क्रू लटकलेला होता. स्क्रू मिळाल्याचा आनंद चिरंजीवांनी मनातल्या मनातच साजरा केला.

"मणी जड असतात," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता जरा धुगधुगी दिसत होती. "सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी साठून राहतं. तिथे ते बसले असतील. निदान अर्धे तरी."

चिरंजीव सिंकखाली शिरले, पाइप सोडवला आणि त्यातला ऐवज बादलीत आला. त्याचे वर्णन न केलेले बरे. सुनेने चुंबकावर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि तो त्या चिखलात फिरवला. पिशवीवर गंजाच्या रंगाची मखमल धरू लागली, त्यात भांडी घासायच्या तारेचे तुकडेही होते. तिने पिशवी स्वच्छ पाण्यात उलटी करून चुंबक काढला, तशी मखमल खाली पडली. मग सासूबाईंच्या जुन्या ओढणीतून ते पाणी गाळले, तेव्हा तारेचे तुकडे वर राहिले आणि मणी खाली उतरले. पुन्हा चुंबक, पुन्हा पाणी. सात वेळा धुतल्यावर नळीत बोटभर गंज जमला. अप्पा शेजारी उभे राहून धुण्यांची संख्या मोजत होते. त्यांना काहीतरी काम हवे होते.

"आता हे चांगले राहिलेत का ते बघू," सून म्हणाली. तिने पॉलिमरचे थेंब टाकले, नळी धुतली आणि दिवे घालवून जांभळा दिवा लावला. अंधारात आधी अप्पांची कॉलर निळसर चमकली, कारण सासूबाई साबण चांगला वापरायच्या. आणि मग नळी चमकली. हिरवीगार.

"उजेड," अप्पा म्हणाले. "म्हणजे गाय."

"कुठून येईल गाय?" सासूबाई म्हणाल्या. "या घरात आठ महिने गाईच्या दुधाचा थेंब आलेला नाही. डॉक्टर म्हणाले अप्पांना दूध-लोणी कमी करा, तर मी सगळ्यांचंच बंद केलं. सोयाचं दूध पितोय सगळे."

सुनेने दिवा लावला आणि खुर्ची ओढून बसली. "मग संपलं," ती म्हणाली. "नीट ऐका. जर कोणीतरी या सिंकमध्ये गाईचं दूध लागलेली भांडी धुतली असतील, तर मण्यांनी खरोखरची गाय पकडलीय. म्हणजे मणी धडधाकट आहेत. साबण आणि गरम पाण्यानं पेशी फुटतात, ती माझ्या चाचणीची पहिलीच पायरी आहे. ती सिंकनं आपली आपण केली असेल. पण जर घरात दूध आलंच नसेल, तर मणी बिघडलेत. ते आता कशालाही गाय म्हणणार. उद्या पाणी घातलं तरी गाय."

 सिंकखालच्या बादलीतून मधूनच एक बुडबुडा येत होता.

"म्हणजे कोणी दूध प्यायलं असेल तर बरं?" चिरंजीवांनी विचारले.

"बरं? अरे, मी त्याचे पाय धरीन."

 मग चिरंजीव घसा खाकरून म्हणाले, "मी येताना कधी कधी दुधाची बाटली आणतो. ती केशरी झाकणाची. गाडीतच पितो. पण बाटली घरी धुतो, वास येऊ नये म्हणून."

"कधी कधी म्हणजे किती?" अप्पांनी विचारले.

"रोज."

सून उठली आणि तिने नवऱ्याला आईवडिलांसमोर मिठी मारली. सासूबाईंनी हे बघितले, ओठ घट्ट मिटले आणि त्या ताडकन कपाटाकडे गेल्या. ‘धुण्याचा सोडा’ अशी चिठ्ठी लावलेला डबा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला. आत दुधाची पावडर होती.

"तीन वाजता," त्या म्हणाल्या. "हे झोपतात तेव्हा. दोन चमचे चहात. त्या सोयाच्या चहानं माझ्या अंगात त्राणच राहत नाही. आज हे उशिरा आडवे झाले, म्हणून कप चार वाजता धुतला, गरम पाण्यानं."

"डब्यावर तारीख नव्हती," अप्पा म्हणाले. "म्हणून मी कधी उघडला नाही."

"म्हणूनच नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

आता सुनेला गप्प बसवेना. तिने फ्रीजरमधली वाटाण्याची पिशवी उचलली. तिच्याखाली आइस्क्रीमचा डबा होता. "वाटाणे काढतेय असं सांगून मी रविवारी इथे उभी असते ना, तेव्हा हे खाते," ती म्हणाली. "चमचे मीच धुते."

"ते मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "त्यातलं मीही खाते."

सगळे हसू लागले, आणि मग एकदम सगळ्यांनी अप्पांकडे पाहिले. ज्यांच्यासाठी हे सारे बंद केले होते ते अप्पा. अप्पांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"मी काही प्यायलेलो नाही," ते म्हणाले. "आठ महिने. ते भिजवलेल्या पुठ्ठ्याचं पाणी मी रोज दोन वेळा प्यालो. मला वाटलं सगळे पितायत."

 सासूबाईंनी मान खाली घातली. पण अप्पांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक चमक आली, ती जांभळ्या दिव्याची नव्हती. चौघांच्या घरात तीन नापास आणि एक पास, आणि पास कोण? दुपारपासून वाकलेली त्यांची पाठ ताठ झाली. "मी मणी ओतले, तुम्ही दूध प्यालात," ते म्हणाले. "फिट्टंफाट. आता ही गाय बाहेर कशी काढायची ते सांग."

गाय बाहेर काढणे सोपे होते. गरम पाण्यात मिठी सुटते. किटली ठेवली, थर्मामीटर धरला, मणी तापवले, चुंबक लावून पाणी ओतले. पुन्हा दिवा. अंधार. मग सासूबाईंच्या पावडरीचे चिमूटभर दूध घातले, उजेड. पुन्हा गरम पाणी, शेळीच्या चीजचा नमुना, अंधार. हे सारे अप्पांनी स्वतः केले, आणि प्रत्येक वेळी आधी मांडणीच्या मागे बोट घालून चुंबक जागेवर आहे ना ते पाहिले. जेवणाच्या आधी कार्डावर ‘चुंबक तपासा’ ही सातवी पायरी लिहिली गेली होती. मणी मात्र तीनच नमुन्यांपुरते उरले होते.

सकाळी अकराला डेअरीच्या पांढऱ्या फरशीच्या खोलीत अप्पा इस्त्रीच्या शर्टात उभे होते. मालकाने तीन पेले पुढे केले. "यातलं एक गाईचं, एक आमचं शेळीचं आणि एक नुसतं पाणी. कोणतं कुठलं ते मला माहीत आहे. ओळखा."

"पेल्यांवर तारीख नाही," अप्पा म्हणाले.

मालकाने सुनेकडे पाहिले. सुनेने छताकडे पाहिले. मालकाने तारखा घातल्या. दारापाशी चीज गुंडाळणाऱ्या दोन बायका आणि मालकाची म्हातारी आई बघायला येऊन थांबल्या. अप्पांनी घड्याळ लावले आणि कार्ड वाचत वाचत, कोणाशी एक शब्द न बोलता काम केले. दिवे घालवले. पहिली नळी उजळली, दुसरी उजळली, तिसरी काळी.

"चुकलं," मालक म्हणाला. त्याच्या आवाजात थोडासा आनंदही होता. "दुसरा पेला आमचा. शंभर टक्के शेळी. चाचणी फेल."

 बादलीतला तो चिखल सुनेच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "कदाचित आमचेच मणी काल..." ती बोलू लागली.

"सूनबाई," अप्पा म्हणाले, "अहवाल पूर्ण होईपर्यंत तपासनिसाच्या मध्ये बोलायचं नाही." मग ते खोलीकडे वळले. "काल हीच चाचणी आमच्या घरी झाली. असाच उजेड पडला. पंधरा मिनिटांत तीन माणसं कबूल झाली, आणि कोणी कोणाला रागावलं नाही. मी इथे पंधरा मिनिटं थांबू शकतो."

ते खरोखरच घड्याळ लावून बसले. चौथ्या मिनिटाला मालकाची आई काठी टेकत पुढे आली.

"दोन महिने झाले, शेळ्या आटल्यात," ती म्हणाली. "शेळ्या आटल्या म्हणून गिऱ्हाईक आटतंय का? मी रोज एक कॅन गाईचं घालते. याला सांगितलं असतं तर यानं झोप घालवली असती."

मालकाचा चेहरा आधी पडला, मग तांबडा झाला. त्याने सुनेला बाजूला घेतले आणि दबक्या आवाजात विचारले, "चाचणी उत्तम आहे हो. पण याहून जरा कमी हुशार मिळेल का?"

अप्पांनी तोवर अहवाल लिहून टेबलावर ठेवला होता. ‘चाचणी: उत्तीर्ण. डेअरी: अनुत्तीर्ण. फेरतपासणी: येत्या सोमवारी.’

"अहो, आज तुम्ही आम्हाला तपासायला आला नव्हता," मालक म्हणाला. "आम्ही तुम्हाला तपासत होतो."

"तेही झालं," अप्पा म्हणाले.

"सोमवारी नाही जमणार, अप्पा," सून म्हणाली. तिला खरे बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. "मणी संपले. नवे करायला तीन महिने लागतील. तेही यांनी मागवले तर."

"तीन महिने?" मालक म्हणाला. त्याने आईकडे पाहिले.

"तीन महिन्यांत शेळ्या व्यातील," आई म्हणाली. "धो धो दूध येईल. तोवर डब्यांवर मिश्र दूध असं लिही आणि गप्प बस."

मालकाने एवढ्या उत्साहाने खिशातले पेन काढले, की त्याचे टोपण उडून कोपऱ्यात गेले. त्याने मागणीपत्रावर वर्षभराच्या मण्यांसाठी सही केली आणि ते सुनेच्या हातात दिले. सुनेने ते दोनदा वाचले. तिला हसावे की रडावे कळत नव्हते, म्हणून तिने दोन्ही केले. अप्पांनी अहवालातला सोमवार खोडून तीन महिन्यांनंतरचा दिवस घातला. मग त्यांनी सुनेच्या हातातले मागणीपत्र घेतले, चष्मा वर सरकवला आणि ते मालकापुढे परत ठेवून सहीच्या खाली बोट टेकवले. मालकाने निमूटपणे तारीख घातली.